कंपनी घरची असली तरी भाडे कंपनीचेच

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकमधले एक कुटुंब, त्यांची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, चार भागधारक: वडील, ज्यांना घरात सगळे नाना म्हणतात, आई आणि दोघे भाऊ. अंबड एमआयडीसीत कंपनीचा कारखाना होता, गाड्यांचे सुटे भाग बनायचे. २०२३ साली काम थांबवले आणि शेड आतल्या पाच टनी क्रेनसकट दुसऱ्या एका कंपनीला भाड्याने दिले. त्याशिवाय कॉलेज रोडला दोन गाळे आणि गंगापूर रोडला एक फ्लॅट, सगळे कंपनीच्या नावावर. भाडे मात्र पहिल्यापासून नानांच्या बचत खात्यात येते आणि टीडीएसही (भाडेकरूने भाड्यातून आधीच कापून सरकारकडे भरायचा कर) त्यांच्याच पॅनवर कापला जातो. आधीचे सीए हे भाडे कधी नानांच्या रिटर्नमध्ये दाखवत, कधी कंपनीच्या 'इतर उत्पन्ना'त. आता धाकटे बंधू विचारतात की भाडे नेमके कुणाचे, कुठल्या रकान्यात आणि किती दाखवायचे, आणि कारखान्याचा जुना तोटा त्यातून वळता होईल का.

सुरुवात शेवटच्या प्रश्नापासून करायचा मोह होतो, कारण पैसे तिथेच वाचतात. पण आधी 'कुणाचे' हे मिटवू.

कायद्यात घरभाड्याचे उत्पन्न मालकाचे असते, भाडे कुणाच्या खात्यात पडले त्याचे नसते. इंडेक्स टू वर, म्हणजे खरेदीखताच्या नोंदणीच्या उताऱ्यावर, कंपनीचे नाव आहे, एमआयडीसीचा ९५ वर्षांचा लीज डीड कंपनीच्या नावाने आहे, शेड कंपनीच्या पैशाने बांधले आहे आणि बॅलन्स शीटमध्येही ते दिसते. म्हणजे भाडे कंपनीचे. जमीन एमआयडीसीची आहे म्हणून आपण मालक नाही, असे काही जण म्हणतात, पण बांधकाम आपले आहे, आणि बारा वर्षांहून जास्त मुदतीच्या लीजवाल्याला प्राप्तिकर कायदा मालकच धरतो. नानांनी हे उत्पन्न स्वतःच्या रिटर्नमध्ये दाखवून प्रामाणिकपणे कर भरला असेल, तरी तो चुकीच्या माणसाने भरलेला कर आहे. प्राप्तिकर खाते तो कंपनीने भरला असे मानत नाही.

माझ्याकडे अशी मंडळी येतात तेव्हा बहुधा पिशवीतून पासबुक काढतात, भाड्याच्या ओळींखाली पेन्सिलीने रेघ मारलेली असते आणि म्हणतात, "साहेब, सगळं बँकेतूनच आहे, रोख काहीच नाही." खरे आहे. पण ती एकेक ओळ म्हणजे कंपनीने नानांना दिलेली रक्कम आहे. कंपनीत ज्या भागधारकाकडे दहा टक्के किंवा अधिक मताधिकार आहे, त्याला कंपनीने उसने किंवा आगाऊ पैसे दिले, तर साठलेल्या नफ्याच्या मर्यादेपर्यंत ते लाभांश धरले जातात. प्राप्तिकर कायद्याचे कलम २(२२)(ई). साठलेला नफाच नसेल तर हे कलम सहसा चावत नाही, पण संचालकाला कर्ज देण्यावर कंपनी कायद्याच्या कलम १८५ ची वेगळी बंदी आहेच.

घाबरण्याआधी बॅलन्स शीटची दुसरी बाजू बघा. नाशिकच्या बहुतेक घरगुती कंपन्यांत 'संचालकांकडून बिनतारणी कर्ज' या नावाखाली एक मोठा आकडा वर्षानुवर्षे पडून असतो, कारण कारखाना उभा करताना नानांनीच घरातले पैसे घातलेले असतात. तुमच्याकडे तो असेल तर नानांना गेलेले भाडे हे त्यांच्याच कर्जाची परतफेड आहे, अशी मांडणी टिकू शकते. मात्र नोंद त्या त्या वर्षाच्या हिशोबात, ऑडिटरला सांगून व्हायला हवी. मागच्या तारखेचे ठराव लिहून आणणारे मी पाहिले आहेत. शाई ताजी आणि तारीख जुनी असा कागद माझ्या टेबलावर ठेवू नका.

आता कुठल्या रकान्यात. इथे माझे मत आधीच्या सीएंपेक्षा वेगळे आहे. 'इतर उत्पन्न' हे नफा-तोटा पत्रकातले शीर्षक झाले. प्राप्तिकरात भाड्याला बसायला तीन जागा असतात: घरमालमत्तेचे उत्पन्न, धंद्याचे उत्पन्न आणि इतर स्रोत. कुठे बसायचे ते आपल्या सोयीवर नसते.

फ्लॅटचा प्रश्न सगळ्यात सोपा. २०२४ च्या दुसऱ्या वित्त कायद्याने कलम २८ मध्ये स्पष्टीकरण घातले: राहण्याचे घर भाड्याने दिले तर ते उत्पन्न धंद्याचे होत नाही, घरमालमत्तेचेच होते. करनिर्धारण वर्ष (उत्पन्नाच्या आर्थिक वर्षाच्या पुढचे वर्ष) २०२५-२६ पासून हे लागू आहे. वाद संपला.

गाळे आणि शेड यांवर मात्र सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडणे गेली आहेत. २०१५ साली चेन्नई प्रॉपर्टीजच्या निकालात कंपनीचा स्थापनेचा मुख्य उद्देशच मालमत्ता भाड्याने देणे हा होता आणि सगळे उत्पन्नही त्यातलेच होते, म्हणून भाडे धंद्याचे ठरले. पुढच्या वर्षी रायला कॉर्पोरेशनमध्येही तसेच. मग २०१७ साली राज दादरकर प्रकरणात न्यायालयाने सांगितले की उद्देशाच्या कलमात नुसते वाक्य लिहिले म्हणून भागत नाही, धंदा खरोखर चालतो याचा पुरावा हवा. ही शेवटची गोष्ट तुमच्यासाठी महत्त्वाची, कारण कुणीतरी तुम्हाला नक्की सुचवील की मेमोरँडममध्ये, म्हणजे कंपनीच्या घटनेत, 'भाड्याचा व्यवसाय' घाला आणि मोकळे व्हा. तुमच्या कंपनीचा उद्देश सुटे भाग बनवणे हा आहे. गाळ्यांमध्ये तुम्ही दिवाबत्ती, सुरक्षा, लिफ्ट अशी कुठलीही सेवा देत नाही, चावी दिली आणि दरमहा भाडे घेतले, एवढेच. ही घरमालमत्ता. शेडचेही तेच. कारखाना थोडे दिवस थंड आहे, पुन्हा सुरू करायचा आहे, तेवढ्यापुरते दिले, असे असते तर धंद्याचे उत्पन्न म्हणायला थोडी जागा होती. पण मशिनरी विकली, कामगारांचा हिशोब चुकता केला, जीएसटी नंबर परत केला. यानंतर 'तात्पुरते' हा शब्द कुणी मानणार नाही.

क्रेनचे काय? इथे तुमचा करार वाचायला मागवला असता. शेड आणि क्रेन मिळून एकच भाडे असेल आणि एक काढून दुसरे देण्याचा कुणाचाच विचार नसेल, तर दोन्ही मिळून 'इतर स्रोत' मध्ये जातात. ही कसोटी १९६४ च्या सुलतान ब्रदर्सच्या निकालापासून चालत आली आहे. मग सरसकट ३० टक्क्यांची वजावट मिळत नाही, त्याऐवजी दुरुस्ती, विमा आणि घसारा (वापराने दरवर्षी घटणाऱ्या किमतीची वजावट) मिळतो. जुन्या शेडचा घसारा आता नाममात्र उरलेला असतो, त्यामुळे हा सौदा तोट्याचा. शेड आणि क्रेन खरोखरच सुटे देता येण्याजोगे असतील, भाडेकरू क्रेनशिवायही शेड घेणार असेल, तर नूतनीकरणाच्या वेळी दोन वेगळे करार करा. तुमच्या प्रश्नात दरमहा शेडचे १,३०,००० आणि क्रेनचे २०,००० असे वेगळे आकडे दिले आहेत, म्हणून पुढच्या हिशोबात मी क्रेन बाजूला ठेवतो. ते वर्षाचे दोन लाख चाळीस हजार इतर स्रोतात, क्रेनचा घसारा वजा जाता.

तर आर्थिक वर्ष २०२५-२६. शेड १५,६०,०००. दोन गाळे दरमहा चाळीस-चाळीस हजार, म्हणजे ९,६०,०००. फ्लॅट दरमहा बावीस हजार, २,६४,०००. एकूण २७,८४,०००. यातून महापालिकेची घरपट्टी १,५४,००० वजा करायची, पण ती त्याच वर्षात आणि कंपनीने भरलेली हवी. बिल आले पण भरले नाही, किंवा करारानुसार भाडेकरूने भरले, तर वजावट नाही. उलट मागची थकलेली घरपट्टी यंदा भरली असेल तर ती यंदा मिळते. उरले २६,३०,०००. त्याचे ३० टक्के, ७,८९,०००, कुठलीही पावती न मागता वजा. उरले १८,४१,०००. गाळे घेताना काढलेल्या कर्जाचे व्याज ३,४०,००० आहे, ते पूर्ण वजा. दोन लाखांची मर्यादा स्वतः राहत्या घराला असते, भाड्याच्या मालमत्तेला नाही. उरले १५,०१,०००.

व्याजावर थोडे थांबतो, कारण चूक इथेच होते. बँकेच्या पत्रावर 'मालमत्ता तारण कर्ज' लिहिलेले असते आणि लोक ते सगळे व्याज इथे टाकतात. गाळा गहाण ठेवला की नाही हा प्रश्नच नाही, पैसे कशासाठी उचलले हा प्रश्न आहे. कॉलेज रोडचे गाळे घेण्यासाठी उचलले तर चालेल. गाळे तारण ठेवून कारखान्याच्या कॅश क्रेडिटची, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या कर्जाची, भर केली असेल, तर ते व्याज घरमालमत्तेतून वजा होत नाही. मंजुरीपत्रातले 'कर्जाचा उद्देश' एवढे शब्द शोधून काढा.

कंपनीने कलम ११५बीएए चा, म्हणजे कंपन्यांसाठीच्या सवलतीच्या दराचा, पर्याय घेतला असेल तर अधिभार आणि उपकर धरून दर २५.१६८ टक्के पडतो. १५,०१,००० वर कर ३,७७,७७२ रुपये. घरमालमत्तेची ३० टक्के वजावट या पर्यायातही मिळते, ती जाते असा एक गैरसमज बाजारात फिरतो. पर्याय घ्यायचा तर १०-आयसी हा फॉर्म रिटर्नच्या मुदतीत भरावा लागतो आणि एकदा घेतला की परत फिरता येत नाही.

आता तुमचा खरा प्रश्न, जुना तोटा. तुम्ही लिहिले आहे की मागच्या रिटर्नप्रमाणे पुढे ओढलेला तोटा ३८ लाख आहे. मी पहिली गोष्ट विचारीन: त्यात धंद्याचा तोटा किती आणि न वळता झालेला घसारा किती? रिटर्नमध्ये हे दोन वेगळ्या तक्त्यांत असतात, आणि घरी सगळे त्यांची बेरीज सांगतात. धंद्याचा मागचा तोटा फक्त धंद्याच्याच उत्पन्नातून वळता होतो, आठ वर्षे पुढे नेता येतो, आणि तुमचे भाडे धंद्याचे नसल्यामुळे तो इथे कामाचा नाही. घसाऱ्याला मात्र आठ वर्षांची अट नाही आणि तो पगार सोडून कुठल्याही उत्पन्नातून वजा होतो, भाड्यातूनही. समजा ३८ पैकी ११ लाख घसारा आहे. मग १५,०१,००० मधून ११,००,००० गेले, उरले ४,०१,०००, आणि कर १,००,९२४ रुपये. दोन लाख शहात्तर हजारांहून जास्त फरक पडला, तोही कुठल्याही खटपटीशिवाय. म्हणून म्हणतो, 'धंद्याचे भाडे' दाखवण्याची ओढाताण करण्याआधी तोट्याची फोड करून बघा. ११५बीएए घेताना त्या घसाऱ्यात अतिरिक्त घसाऱ्याचा भाग आहे का तेही तपासा, तेवढा सोडून द्यावा लागतो.

एक अडचण आधीच सांगतो. २०२३ नंतरच्या वर्षांचे जे भाडे नानांच्या नावावर गेले ते खरे तर कंपनीचे होते. ती वर्षे दुरुस्त केली तर हे अकरा लाख आधी तिथेच खर्ची पडतील, यंदासाठी उरतील तेवढेच उरतील. दोन्हीकडे वापरता येणार नाहीत.

जुनी वर्षे दुरुस्त करायला अपडेटेड रिटर्न, म्हणजे जादा कर भरून उशिरा द्यायचे सुधारित रिटर्न, आहे, संबंधित करनिर्धारण वर्ष संपल्यापासून ४८ महिन्यांपर्यंत. पहिल्या वर्षात कर आणि व्याजावर २५ टक्के जादा, मग ५०, ६०, ७०. म्हणजे करनिर्धारण वर्ष २०२५-२६ चे काम ३१ मार्च २०२७ पर्यंत उरकले तर २५ टक्क्यांत सुटते, २०२४-२५ चे तोवर ५० टक्क्यांत. कंपनीसाठी हा रस्ता आहे. नानांनी भरलेला कर परत मागायला हा रस्ता नाही, कारण अपडेटेड रिटर्नमधून परतावा मिळत नाही. हे नानांना आधीच सांगा, नंतर कळले तर घरात वाजते.

रिटर्न भरणाऱ्याच्या खांद्यावरून एकदा बघाच. कंपनीचे रिटर्न म्हणजे आयटीआर-६. नफा-तोटा पत्रकात भाडे जमेला असते आणि घसारा, गाळ्यांची रंगरंगोटी, वॉचमनचा पगार, घरपट्टी, बँकेचे व्याज हे सगळे खर्चाला असते, कारण कंपनी कायद्याप्रमाणे हिशोब तसाच हवा. मग बीपी नावाचा, धंद्याच्या उत्पन्नाचा तक्ता येतो. तिथे भाडे नफ्यातून वजा करून एचपी, म्हणजे घरमालमत्तेच्या, तक्त्यात न्यायचे, आणि भाड्याच्या मालमत्तेवरचे हे सगळे खर्च नफ्यात परत मिळवायचे. पहिले काम विसरले तर एकाच भाड्यावर दोनदा कर लागतो. दुसरे विसरले तर ३० टक्केही घेतले आणि रंगाचे बिलही घेतले, असे होते, आणि ते पकडले जाते. मागच्या एका कंपनीच्या फाइलमध्ये शेडच्या पत्र्यांची चार लाखांची बदली अशीच ३० टक्क्यांच्या जोडीने घेतली होती. नोटीस यायला दोन वर्षे लागली आणि उत्तर लिहायला काहीच नव्हते.

यातूनच आणखी एक कडू गोष्ट. आईंना संचालक म्हणून महिना पंचवीस हजार पगार दाखवावा, असे तुम्ही सुचवले आहे. घरमालमत्तेच्या रकान्यात पगाराला जागा नाही, धंदा बंद आहे, म्हणजे कंपनीला वजावट मिळणार नाही आणि आईंच्या हातात मात्र तो पगार मोजला जाईल. लाभांश दिला तरी दोन ठिकाणी करपात्र होतो. नुसते भाडे खायला कंपनी हे भांडे मुळात महाग आहे. म्हणून मालमत्ता नानांच्या नावावर करून घ्यावी का, तर घाई नको. मुद्रांक शुल्क, कंपनीला भांडवली नफ्याचा कर आणि रेडीरेकनरपेक्षा (सरकारी बाजारमूल्य दरापेक्षा) कमी दाखवले तर दोन्ही बाजूंना कर, हे सगळे मोजून मगच.

फ्लॅट पुढे रिकामा करून घेऊन घरच्या कुणाला राहायला द्यायचा विचार असेल तर लक्षात ठेवा, 'स्वतः राहतो' म्हणून शून्य दाखवण्याची सवलत माणसाला आणि हिंदू अविभक्त कुटुंबाला आहे, कंपनीला नाही.

भागांची वाटणी करताना कलम ७९ सांभाळा. ४९ टक्क्यांहून जास्त मताधिकार बदलला तर पुढे ओढलेला तोटा जातो. मात्र भागधारकाच्या मृत्यूने किंवा नात्यात बक्षीस दिल्याने झालेला बदल यातून वगळला आहे. नाना भाग तुम्हा भावांना देणार असतील तर बक्षीसपत्राने द्यावेत, विकू नयेत.

जीएसटीचे थोडक्यात. शेड, क्रेन आणि गाळे मिळून २७,६०,००० होतात. वीस लाखांची मर्यादा ओलांडली, नोंदणी पुन्हा घ्यावी लागेल आणि १८ टक्के लावावा लागेल. भाडेकरू नोंदणीकृत असेल तर त्याला तो परत मिळतो, त्यामुळे शेडवाला कुरकुर करणार नाही. गाळ्यातला नोंदणी नसलेला दुकानदार करील. फ्लॅट राहण्यासाठी कुटुंबाला दिला आहे तोवर त्याच्या भाड्यावर जीएसटी नाही.

टीडीएस. एप्रिल २०२५ पासून मर्यादा दरमहा पन्नास हजार आहे. शेडवाली कंपनी इमारतीच्या भाड्यावर १० टक्के आणि क्रेनच्या भाड्यावर २ टक्के कापील. जीएसटी बिलात वेगळा दाखवला तर त्यावर कापायचा नाही. परत करायच्या अनामत रकमेवर टीडीएसही नाही आणि ती उत्पन्नही नाही, देण्याच्या बाजूला पडून राहते.

यंदाचे रिटर्न जुन्या, १९६१ च्या कायद्याखाली जाईल, कंपनीला मुदत ३१ ऑक्टोबर. १ एप्रिल २०२६ नंतरचे भाडे नव्या २०२५ च्या कायद्याखाली येते. कलमांचे क्रमांक बदललेत, ३० टक्के आणि व्याजाचा हिशोब तोच आहे.

रिटर्नला हात लावण्याआधी या आठवड्यात एक काम करा. कंपनीच्या लेटरहेडवर तिन्ही मालमत्तांच्या भाडेकरूंना पत्र द्या: मालक कंपनी आहे, कंपनीचा पॅन हा, बँक खाते हे, पुढच्या महिन्यापासून भाडे याच खात्यात भरावे आणि टीडीएस याच पॅनवर कापावा. शेडवाल्या कंपनीला त्याच पत्रात विनंती करा की मागच्या तिमाहींच्या टीडीएस विवरणपत्रात पॅनची दुरुस्ती करून द्यावी. त्यांचा अकाउंटंट आधी नाही म्हणेल, पण दुरुस्ती विवरणपत्र भरणे त्याच्यासाठी अर्ध्या तासाचे काम आहे, पुन्हा विचारा. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. आणि सही नानांनाच करू द्या. भाडेकरू त्यांना ओळखतात.